बापूरावची गिटार

कांता : घर चुकले नाई तुमी, हरिदासजीचं घर हेच. पन ते इथं राह्यत नाई आता. बल्लारशाले कामाले हायेत, पाच वर्सं झाले. मी त्याइची मालकीन, कांता.

नत्थूजी : अच्छा. आणि बापूराव? म्हणजे, आहेत ना?

कांता : हायेत. मागच्या आंगनात उन्हात बसले हायेत. मी त्याइची सून. तुमी कोन?

नत्थूजी : मी वर्ध्याहून आलो. वाद्यं दुरुस्त करतो. पेटी, तंबोरा, गिटार. नत्थूजी म्हणतात मला.

कांता : नत्थूजी.

नत्थूजी : हो.

कांता : चिठ्ठीवाले नत्थूजी.

नत्थूजी : तोच.

कांता : मले वाटलं होतं तुमी उंचपुरे असान. आठ वर्सं झाले, माह्या मनात तुमचं एक रूप होतं. बसा त्या बाजेवर.

नत्थूजी : नाही, ठीक आहे. उभा आहे तेच बरं.

कांता : बसा. दारात आलेल्या मानसाले आमी उभं ठेवत नाई. हरिदासजीले तुमी पाऊन घंटा दुकानाच्या पायरीवर उभं ठेवलं होतं. गिटार चादरीत गुंडाळलेली, आन् ते उभे.

नत्थूजी : त्यांनी सांगितलं हे?

कांता : एकदाच सांगतलं, पन समदं सांगतलं. 'का रे, कुठून आणली' म्हणून इचारलं तुमी. चार गिऱ्हाईक बसले होते समोर. आज तुमी 'त्यांनी' म्हणून राह्यले.

नत्थूजी : ताई, मी त्याच कामासाठी आलो. त्या गिटारीच्या बाबतीत माझ्याकडून थोडी गलती झाली होती.

कांता : थोडी.

नत्थूजी : दिवस बुडायला आला होता. दुकानात उजेड कमी. माझा चष्माही नवीन होता, नीट बसत नव्हता.

कांता : ते सकाळच्या पॅसेंजरनं गेलते. दहा वाजता तुमच्या दुकानात होते. दुपारच्या भाकरीले घरी वापस आले.

नत्थूजी : मग उजेड होता.

कांता : होता ना.

नत्थूजी : हो. उजेड होता. ताई, ती गिटार असली होती, नक्कल नव्हती. अमेरिकेतली, लढाईच्या आधीची. बापूराव सांगत होते ते बराबर होतं.

कांता : अजून एक बार म्हना.

नत्थूजी : ती असली होती.

कांता : मी ह्या घरात आली-आली तं मले पह्यले काय सांगतलं, माहीत हाये? लग्न होऊन आली तवा मामाजीनं मले पह्यली गोठ सांगतली ती गिटारीची. लढाईच्या टायमाले पुलगावच्या दारूगोळ्याच्या डेपोत खानसामा होते ते. तिथल्या एका अमेरिकन साहेबाले मुदतीचा ताप आला. बाकीचे जवळ जात नव्हते. यायनं एकवीस दिवस त्याले चमच्यानं पेज पाजली. मंग साहेब बरा झाला आन् मुलखात जातांनी आपली गिटार यायले देऊन गेला. भीमजयंतीले गायन पार्टीत तीच वाजवत. ह्या गोठीवर आमच्या घरच्याइले लहानाचं मोठं केलं.

नत्थूजी : मला तेव्हा हे इतकं कोणी सांगितलं नाही.

कांता : सांगाले उभे होते ते पायरीवर. तुमाले हे तरी माहीत हाये का, ती विकाले काऊन काढली?

नत्थूजी : गरज असेल म्हणून.

कांता : गरज नव्हती. विहाराले भोंगा घ्याचा होता. वर्गनी जमत नव्हती. मामाजी सभेत उठले आन् म्हणले, माही गिटार इका, अमेरिकन हाये, भोंगा येऊन जाईन. लोकाइनं टाळ्या वाजवल्या. नागपूरचा एक डाक्टर विलायती वाद्यं घेत होता, पन तो म्हणे नत्थूजीची चिठ्ठी आना, मंगच पाहीन. म्हणून आमच्या घरचे गिटार घेऊन तुमच्याकडं आले. आन् तुमची चिठ्ठी सभेत वाचली चंद्रभानजीनं. ते सेक्रेटरी. वाचत नव्हते, पन लोक म्हणले वाचा.

नत्थूजी : काय लिहिलं होतं ते मला पाठ आहे.

कांता : मले बी हाये. 'कलकत्त्याची नक्कल. लाकडाच्या भावात घेता येईल.' खाली तुमची सही. तवापासून आमच्या वस्तीत कोनी फुशारकी मारली का लोक म्हनते, झाली बापूरावची गिटार. पोट्टे खेळतांनी म्हनते. ज्याइनं गिटार पाह्यली बी नाई, ते म्हनते.

नत्थूजी : आणि हरिदास... हरिदासभाऊ?

कांता : चिठ्ठी घेऊन घरी आले त्या दिवशी. मामाजी भाकर खात होते. इचारलं, 'बाबा, आमाले इतके वर्सं खोटं सांगतलं?' मामाजी म्हणले, 'नाई.' ते म्हणले, 'मंग वर्ध्याचा जानकार मानूस खोटा हाये का?'  मामाजी भाकरच खात राह्यले. तवापासून बाप-लेकाचं बोलनं नाई.

नत्थूजी : आठ वर्षं?

कांता : माह्यामार्फत बोलते. बाबाले सांग, गहू आनला. त्याले सांग, बस पाचची हाये. मंग लोकाइच्या हासन्यानं आमच्या घरच्याइनं गाव बी सोडलं. आता सांगा. तुमाले कधी समजलं, असली हाये म्हणून?

नत्थूजी : आत्ता. मागच्या महिन्यात.

कांता : कसं?

नत्थूजी : असंच, पाहता पाहता.

कांता : गिटार तं तुमीच ठेवून घेतली होती, लाकूड म्हणून. आठ वर्सं तुमच्याच घरी हाये. मागच्या महिन्यात काय नवीन झालं तिले?

नत्थूजी : तीन वर्षं झाले, ताई.

कांता : तीन.

नत्थूजी : एक जुना तंबोरा दुरुस्तीला आला होता. पट्टी बसवायला चांगलं वाळलेलं लाकूड पाहिजे होतं. माळ्यावरून गिटार काढली. पाठीचा सरस ओला केला, सुरी घातली आणि पाठ उघडली. आत मधल्या पट्टीवर ठसा. कंपनीचं नाव, गावाचं नाव. मानेच्या बुडाशी नंबर कोरलेला. 

कांता : फोडून टाकाले घेतली होती तुमी ती.

नत्थूजी : हो.

कांता : हे बाहेरून दिसत नव्हतं का? त्या दिवशी?

नत्थूजी : दिसलं असतं. गिटारीच्या भोकातून एक लहान आरसा आत घालायचा आणि बॅटरी दाखवायची. दोन मिनिटांचं काम. आरसा माझ्या खिशातच असतो नेहमी.

कांता : मंग घातला काऊन नाई?

नत्थूजी : तिच्या डोक्यावर, मतलब खुंट्या असतात तिथं, समोर नाव नव्हतं. मला वाटायचं असली गिटारीवर समोर नाव असतंच. मागून नागपूरचा एक म्हातारा रेल्वे गार्ड भेटला, जवानीत वाजवायचा तो. त्यानं सांगितलं, त्या कंपनीच्या जुन्या गिटारीवर समोर नाव नसायचंच. ठसा मागून असायचा. हिचा मागचा ठसा पॉलिशनं बुजला होता. मले हे माहीतच नव्हतं. पुऱ्या जिल्ह्यात विलायती वाद्याचा जाणकार म्हणून मी. आन् तशी गिटार मी त्या दिवसाआधी कधी हातात धरलीच नव्हती.

कांता : मंग माहीत नाई म्हनाचं होतं.

नत्थूजी : तेवढंच म्हणायचं होतं.

कांता : मले वाटलं तुमी पैशासाठी केलं. सस्त्यात घेऊन मुंबईले इकाची म्हणून तुमी ठेवली, असं मी आठ वर्सं समजत होती.

नत्थूजी : ते असतं तर बरं होतं.

कांता : काऊन?

नत्थूजी : त्याच आठवड्यात अण्णाजी आले होते दुकानात. देवळीकडचे, मोठी शेती, बैलजोडीची गाडी दारात उभी. त्यांच्याही हातात गिटार. तिच्यावर समोर चकचकीत नाव. म्हणाले, मुंबईच्या एका पारशाकडून घेतली. मी खुर्ची पुसून दिली. चहा मागवला. लिहून दिलं, असली. तिच्यातही आरसा घातला नाही. दोन वर्षांनी त्या नावाची अक्षरं गळून पडली. प्लास्टिकची होती. चिकटवलेली.

कांता : मंग तुमी काय पाह्यलं, नत्थूजी? दोन्ही डाव?

नत्थूजी : मानूस पाह्यला. गिटार नाई पाह्यली.

कांता : मानूस कोन्त्या वस्तीतला, ते पाह्यलं.

नत्थूजी : हो.

कांता : हे तुमच्या तोंडून आलं, बरं झालं. मी म्हणली असती तं तुमी नाई म्हणले असते.

नत्थूजी : म्हणलो असतो. काल-परवापर्यंत नाईच म्हणलो असतो.

कांता : मंग तीन वर्सं गप बसले, आन् आज काऊन आले?

नत्थूजी : मागच्या महिन्यात एक भजनवाला पेटी घेऊन आला. म्हणे जर्मन सुराची आहे. बाजूला पुलगावचा एक गिऱ्हाईक बसला होता, तो हासला आन् म्हणे, 'झाली बापूरावची गिटार.' त्याले माहीत नव्हतं ती चिठ्ठी माझीच होती ते. मी इचारलं, मतलब काय? त्यानं मले समजावून सांगितलं, नाचणगावात एक थापाड्या म्हातारा होता म्हणून. आन् ताई, मी हासलो.

कांता : हासले?

नत्थूजी : सवयीनं. गिऱ्हाईक हासलं का आपण हासायचं. हासणं तोंडातून निघून गेलं, मंग समजलं आपण कशावर हासलो. दोन दिवस दुकान उघडलं नाई. बायको म्हणे ताप आला का. मी हो म्हणलो.

बापूराव : कांता, पान्याचा लोटा दे बाई पाव्हन्याले. मी ऐकलं समदं. कुडाची भित हाये, इकडचं तिकडं जाते.

कांता : मामाजी, तुमी काऊन उठले? काठी बी नाई घेतली.

बापूराव : दहा पावलं तं हाये.

नत्थूजी : जयभीम, बापूराव.

बापूराव : जयभीम. बसा, उठू नोका. पाठ काढली म्हनता?

नत्थूजी : परत बसवली. ताजा सरस लावला, आठ दिवस दाबून ठेवली. सांधा दिसत नाई आता.

बापूराव : खालच्या अंगाले चुलीच्या इंगळाचा डाग होता एक.

नत्थूजी : आहे. त्याले हात नाई लावला.

बापूराव : आवाज कसा हाये?

नत्थूजी : मी तारा लावल्याच नाई.

बापूराव : काऊन?

नत्थूजी : हिंमत नाई झाली.

कांता : मंग ती आनली काऊन नाई? रिकाम्या हातानं आले.

नत्थूजी : एसटीत लोक विचारतात. एवढी मोठी वस्तू, कुठं नेता, कोणाची...

कांता : म्हणजे आमाले कानात सांगाले आले. दुपारी, लोक वावरात असते तवा.

नत्थूजी : खरं सांगायचं तर हो. बापूराव, तिची जी काय किंमत आज होईल ती मी...

बापूराव : किमतीचं नोका काढू. ते डाक्टराचं काम होतं.

कांता : मी सांगते काय करा ते. येत्या पौर्णिमेले विहारात समदे जमते. भर दुपारी गिटार खांद्यावर घेऊन या, उघडी, चादर नाई. आन् आत्ता मले सांगतलं ते तिथं सांगा. अण्णाजीचं बी सांगा. हासले ते बी.

नत्थूजी : विहारात, सगळ्यांसमोर? ताई, माझं दुकान याच एका गोष्टीवर चालते. लोक माझा शब्द खरा मानतात. एकदा हे फुटलं तर उद्या कोणी पेटीसुद्धा दाखवणार नाही.

कांता : आमचा बी शब्दच गेला होता.

नत्थूजी : ते समजते मले.

कांता : आन् बल्लारशाले पत्र लिहा. मी कार्ड देते, इथंच बसून लिहा. ती चिठ्ठी तुमच्या हातची होती, हे बी तुमच्याच हातचं पाह्यजे. मी सांगतलं तं त्याइले वाटन, बायको सासऱ्याची बाजू घेऊन राह्यली.

बापूराव : कांता, थांब जराशी. मानूस पुलगावाहून पायी चालून आला, त्याले दम घेऊ दे. नत्थूजी, तुमी खरं सांगाले निघाले तं एक माहं बी ऐकून घ्या.

नत्थूजी : बोला ना.

बापूराव : साहेबानं गिटार देली, हे मी समद्याइले सांगत आलो. ते खरं हाये. पन पुरं नाई. साहेब जाले निघाला, त्या दिवशी त्यानं टेबलावर दोन वस्तू मांडल्या. एक लखोटा. त्याच्यात डेपोतल्या पक्क्या नोकरीची शिफारस. आन् दुसरी गिटार. म्हणला, बापू, टेक वन. एक घे.

कांता : दोन्ही काऊन नाई देल्ल्या?

बापूराव : तो साहेब तसाच होता, गमत्या. त्याले पाहाचं होतं, हा काय घेते. माहा हात गिटारीवर गेला. मी इचार बी नाई केला. त्यानं तीन-चार धून शिकवल्या होत्या मले, रातभर त्याच डोक्यात वाजत होत्या.

कांता : मामाजी, हे तुमी कधीच बोलले नाई.

बापूराव : हरिदासच्या मायले बी नाई सांगतलं. जिजा मरेपर्यंत लोकाच्या वावरात राबली. पोरगं हुशार होतं, सातवीतून काढून कामाले लावलं. पक्की नोकरी असती तं शिकला असता तो. हे कोन्या तोंडानं सांगू? म्हणून मी गोठीत लखोटा ठेवलाच नाई. साहेबानं देली, साहेबानं देली, एवढंच सांगत गेलो.

नत्थूजी : तुम्ही खोटं नाही बोललात, बापूराव.

बापूराव : ऐका तं. पोरानं इचारलं, खोटं सांगतलं का? मी नाई म्हणलो. मंग त्यानं इचारलं, वर्ध्याचा मानूस खोटा हाये का? तवा माह्या मनात आलं, मी बी थोडा तं खोटा हावोच. ती थोडी लाज होती, तिनं तोंड बंद केलं माहं. नाईतं मी त्याच गाडीनं वर्ध्याले आलो असतो आन् तुमचा आरसा तुमच्या हातात देला असता.

नत्थूजी : आले असते तर बरं झालं असतं.

बापूराव : तुमी मले बी पायरीवरच उभं ठेवलं असतं.

नत्थूजी : हो.

कांता : हे घ्या कार्ड. हा पेन.

नत्थूजी : काय लिहू? सुरुवात कशी करू? 'चिरंजीव' लिहू का?

कांता : नाव लिहा. पुरं नाव. त्या दिवशी तुमी नाव बी इचारलं नव्हतं.

(पौर्णिमेच्या दिवशी, संध्याकाळी. विहारातली सभा आटोपून नाचणगावाहून पुलगावच्या बसथांब्याकडे जाणारा रस्ता. हरिदास नत्थूजींना पोचवायला निघाला आहे.)

हरिदास : जरा डाव्या अंगानं चाला. तिकडं खड्डा हाये.

नत्थूजी : तुम्ही कशाला आलात इतक्या लांब, हरिदासभाऊ? मला रस्ता माहीत आहे.

हरिदास : चालू द्या. पाय मोकळे होते.

नत्थूजी : मी बोलत होतो तेव्हा तुम्ही मागे दाराजवळ उभे होते. मी पाहिलं. मग मले समोर पाहताच येईना. कुठं थांबलो, काय राहिलं, काही समजत नाही.

हरिदास : काई राह्यलं नाई. आरसा, ठसा, नंबर, हे अर्ध्या लोकाइले समजलं नाई. पन 'मी मानूस पाह्यला, गिटार पाह्यली नाई', हे म्हणले तवा बाया एकमेकीकडं पाहाले लागल्या. माह्या बाजूले एक जन हासाले गेला. दुसऱ्यानं त्याचा हात धरला.

नत्थूजी : मी आलो तेव्हा वाटलं लोक मारतील. मारलं असतं तर लवकर उरकलं असतं.

हरिदास : चंद्रभानजी तो कागद फाडाले निघाले होते.

नत्थूजी : ती चिठ्ठी? अजून ठेवली त्यांनी?

हरिदास : सेक्रेटरी मानूस, समदं फायलीत लावते. आठ वर्सं फायलीतच होती. बाबा म्हणले, फाडू नोका, तिच्याच खाली आजचं लिहा. खाली जागा पुरली नाई, तं मागून लिहिलं. तुमी सही केली ते तेच.

नत्थूजी : मी वाचलं नाही. सही केली नुसती.

हरिदास : वाचाले पाह्यजे होतं.

नत्थूजी : हो. ही सवय जाईना.

हरिदास : बाबानं तारा लावल्या, तवा तुमी तोंड फिरवलं.

नत्थूजी : खुंटी त्यांच्या बोटांतून निसटत होती. मी लावून देतो म्हणणार होतो. मग वाटलं, नको.

हरिदास : तीन सूर वाजवले फक्त. बोटं आकडले आता. मले वाटलं तेवढ्यावर ठेवून देतीन आन् बसतीन. तं उभे राह्यले आन् लखोट्याचं सांगतलं समद्याइपुढं. तुमाले माहीत होतं ते?

नत्थूजी : त्या दिवशी सांगितलं होतं. मी म्हटलं होतं, हे बोलायची गरज नाही.

हरिदास : गरज तं नव्हतीच. लोक बाबाच्या बाजूनं झाले होते. तरी सांगतलं. माह्या शाळेचं बी सांगतलं. सातवीत माहा पह्यला नंबर होता, नत्थूजी. मास्तर घरी आले होते, काढू नोका म्हणाले. बाबा मास्तराच्या पाया पडले होते, उपाय नाई म्हणून. आज ऐकलं का उपाय होता, टेबलावर ठेवला होता.

नत्थूजी : राग येईलच.

हरिदास : मी बी वाट पाह्यली रागाची. मांडी घालून बसलो होतो, म्हणलं आता येईन, मंग येईन. आला नाई. तोंडात दुसरंच कडू येत होतं.

नत्थूजी : काय?

हरिदास : तुमची चिठ्ठी मी एका मिनिटात वाचली होती. तुमच्या दुकानाबाहेरच, उभ्या-उभ्या. बापाची गोठ तीस वर्सं ऐकत होतो. तीस वर्साचं एका मिनिटात खोटं झालं.

नत्थूजी : माझं नाव मोठं होतं जिल्ह्यात. कोणीही मानलं असतं.

हरिदास : नाव मोठं होतं, जात मोठी होती, दुकान होतं, चष्मा होता. बाप माहा कुडाच्या घरातला, खानसामा. मी बी तेच पाह्यलं. मले बी वाटलं, असल्या मानसापाशी असली वस्तू कुठून येईन. तुमी आज बोलले ना विहारात, ते समदे समजले तुमी आपलं सांगून राह्यले. मले वाटलं माहंच सांगून राह्यले.

नत्थूजी : तुमचं आणि माझं एक नाही, हरिदासभाऊ. तुम्ही फसले. फसवलं मी.

हरिदास : तुमी परक्या मानसाले खोटं म्हणले. मी बापाले म्हणलो.

नत्थूजी : बोललात का त्यांच्याशी?

हरिदास : नाई अजून.

नत्थूजी : काल तर आलात तुम्ही.

हरिदास : रात्रीच्या गाडीनं आलो, तवा झोपले होते. सकाळी मी उठलो तं ते झाडझूड कराले विहारात गेलते. सभेत मी मागं होतो, ते पुढं. मंग लोकाइनं घेरलं त्याइले. मंग तुमी निघाले, म्हणलं तुमाले पोचवून देतो.

नत्थूजी : आता घरी असतील.

हरिदास : आता घरीच हायेत. कांतानं भाजी टाकली असन. आज ती आमच्या दोघाइच्या मधात बोलनार नाई म्हणे. आठ वर्सं निरोप देऊन-देऊन थकली म्हणे. सक्त सांगतलं तिनं.

नत्थूजी : बरोबर आहे तिचं.

हरिदास : बराबरच हाये.

नत्थूजी : ते काय, बसची बत्ती दिसते. वर्ध्याचीच आहे ना ही?

हरिदास : वर्ध्याचीच.

नत्थूजी : मग निघतो मी. तुम्ही जा आता घरी, वाट पाहत असतील.

हरिदास : नत्थूजी.

नत्थूजी : हां?

हरिदास : ही जाऊ द्या. अर्ध्या घंट्यानं दुसरी येते.